होडीची फळी

परंडा तालुक्यातल्या शेतकऱ्यानं होडीवर लिहावं म्हणजे वाचणाऱ्याला गंमत वाटंल. आमचा धाराशिव जिल्हा लोकांना माहीत आहे तो दुष्काळासाठी. १९७२ साली मी अकरा-बारा वर्षांचा होतो. आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडायचे आणि तिथं मिळणारी सुकडी आम्ही भावंडं वाटून खायचो. पुढं २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेही आम्ही बघितलं. अशा मुलखातल्या माणसाला कोणी सांगितलं असतं की, म्हातारपणी तू होडी वल्हवत रानात जाशील, तर मी त्याला खुळ्यात काढलं असतं.

पण ती वेळ आली. सीना नदी आमच्या परंडा आणि पलीकडच्या करमाळा तालुक्याच्या मधनं वाहते. तिच्यावर सीना-कोळेगाव धरण झालं. नदी अडली आणि तिला मिळणाऱ्या ओढ्यांत पाणी मागं चढलं. आमच्याकडं त्याला फुगवटा म्हणतात. गाव ओढ्याच्या ह्या अंगाला आणि वडिलांनी घेतलेलं साडेचार एकर रान त्या अंगाला. पूर्वी धोतर गुडघ्यावर घेतलं की माणूस रानात. आता सडकेनं गेलं तर अकरा किलोमीटरचा वळसा. पाण्यावरनं बघितलं तर बांधावरची बाभळ ओट्यावरनं दिसती.

सुरुवातीला आम्ही काय काय केलं ते सांगत बसत नाही. ट्रॅक्टरच्या ट्यूबवर पालथं पडून गेलो. थर्माकोलच्या तुकड्यांचा तराफा केला. एकदा तर गुऱ्हाळातली जुनी काहील पाण्यात लोटली. काहील गोल, तिला पुढं-मागं नाही, वल्हं मारलं की जागच्या जागी गरगर फिरायची. शेवटी २०१७ साली उजनीच्या बाजूच्या एका मासे धरणाऱ्याकडनं जुनी होडी घेतली. चौदा फूट लांब, अंग फायबरचं, दोन वल्ही.

होडीचं फायबरचं अंग पातळ असतं. त्यावर थेट उभं राहायचं नसतं. आत आडव्या फासळ्या असतात, त्यांच्यावर प्लायवूडची फळी बसवलेली असते. माणसं, पोती, शेळ्या, सगळं वजन फळीवर. फळी आणि तळ यांच्या मध्ये वीतभर पोकळी. आमच्या होडीची मधली फळी चार फूट बाय अडीच फूट होती, आठ बोल्टांनी आवळलेली. ही गोष्ट त्या फळीची आहे. आणि खरं सांगायचं तर माझ्या खोटेपणाची पण आहे.

२०१८ ला पावसानं दगा दिला, फुगवटा आटला. होडी वर्षभर भेगाळलेल्या गाळात उन्हात पडून राहिली. पुढच्या साली पाणी आलं तेव्हा फळीचे पदर सुटायला लागले होते. कडेला स्क्रू-ड्रायव्हर दाबला तर शिळ्या भाकरीत शिरावा तसा शिरला. त्याच वेळी नवी फळी करायला पाहिजे होती. हातात पैसा नव्हता हे खरं, पण तंबाखूला होता, हेही खरं. मी विचार केला, वरनं फायबर मारलं की झालं. गाडीचा पत्रा दुरुस्त करणाऱ्याकडनं थोडं रेझिन, हार्डनर आणि काचेच्या तंतूंची मॅट आणली. फळी धड वाळली पण नव्हती. तिच्या वरच्या अंगाला एक थर मारला, त्यावर हिरवा रंग दिला. खालचं अंग तसंच ठेवलं, कारण खालचं कोण बघतंय?

दिसायला फळी नव्यासारखी झाली. येणारे-जाणारे हात फिरवून म्हणायचे, "दाजी, तुम्ही तर कारागीर झालाव की!" मलाही गोड वाटायचं. खालचं लाकूड कसं आहे हे मला एकट्यालाच माहीत होतं, आणि काही दिवसांनी मी पण ते विसरलो. माणूस आपलं झाकलेलं आपणच विसरतो.

२०२२ चा डिसेंबर होता. ज्वारी खुरपायला पाच बाया आणि आमची मालकीण अशा सहा जणी आणि मी, असे निघालो. एवढी माणसं घेणं ही पण चूकच, पण रोजची सवय. मध्यावर दोन पुरुष पाणी. पलीकडचा काठ जवळ यायला लागला तशी मालकीण दोर घ्यायला उठली, एक पाय टाकला, आणि फळी फुटली. मोठा आवाज नाही. पापड मोडावा तसा. पाय गुडघ्यापर्यंत आत. खाली होडीचं अंग शाबूत होतं म्हणून पाणी आलं नाही, पण बाया भ्यायल्या आणि दोघी-तिघी एकदम उठल्या. होडी एका अंगाला कलली, काठावरनं ओंजळभर पाणी आत आलं.

मालकीण ओरडली, "खाली बसा! जागची हलू नका कुणी!" स्वतःचा पाय अडकलेला, नडगीतनं रक्त निघतंय, आणि तिनं बायांना बसवलं. त्या बसल्या म्हणून आम्ही काठाला लागलो. मी वल्हं धरून नुसता बसलो होतो. माझ्या तोंडातनं शब्द फुटला नव्हता.

परंड्याला नेऊन नऊ टाके घातले. येताना जीपमध्ये तिनं विचारलं, "अवो, फळी बघितली नव्हती का तुमी?" मी म्हणालो, "उंदरानं कुरतडली आसंल खालनं." ती काही बोलली नाही.

संध्याकाळी एकट्यानं जाऊन फळी खोलली. वरचा फायबरचा पापुद्रा तेवढा धड होता. खालचं लाकूड काळं पडलेलं, हातानं चुरगळलं तर ओल्या भुश्यासारखं गळत होतं. कुजका वास. तिथं मी बराच वेळ बसून राहिलो.

टाके निघाल्यावर मालकीण होडीत बसेना. "मी सडकेनं जाईन," म्हणाली, आणि खरंच गेली. पहाटे उठून भाकरी करायची, फाट्यापर्यंत वडापच्या जीपनं, पुढं चालत. लंगडत. मी होडीनं जाऊन बांधावर बसायचो आणि तासाभरानं ती लांबनं येताना दिसायची. तो तास मला लई लांब वाटायचा.

संक्रांतीला भाचा आला. तो पुण्यात फायबरच्या कारखान्यात काम करतो, टाक्या, दरवाजे असलं काहीबाही बनवतात. फळी त्याच्यापुढं टाकली. त्यानं उलटीपालटी करून बघितली आणि हसला. "मामा, फायबर म्हणजे रेनकोट. तुमी भिजलेल्या माणसाला रेनकोट घातला, आणि तोही नुसता पुढनं. मागनं पाणी शिरलं, आतला ओलावा बाहेर निघंना. लाकूड कुजणार नाय तर काय?"

मग त्यानं एकेक चूक दाखवली. प्लायवूड साधं, घरातल्या फर्निचरचं. पाण्यासाठी मरीन प्लाय लागतं, त्यावर ७१० नंबरचा आयएस शिक्का असतो. त्याचे पदर ज्या डिंकानं चिकटवलेले असतात तो उकळत्या पाण्यातसुद्धा सुटत नाही. पण सुटत नाही तो डिंक, लाकूड कुजायचं ते कुजतंच, म्हणून मरीन प्लायलाही चारी कडांनी बंद करावं लागतं. प्लायवूड पाणी पितं ते मुख्यतः कडेनं आणि भोकातनं. माझ्या फळीची आठही बोल्टांची भोकं कच्चीच होती. प्रत्येक भोक म्हणजे एक उघडी मोरी.

तिसरी गोष्ट रेझिनची. मी वापरलेलं पॉलिएस्टर रेझिन टाक्यांना, पत्र्यासारख्या नुसत्या फायबरला चालतं, पण लाकडाला त्याची पकड कच्ची. ओलं लाकूड असलं तर पापुद्राच निघतो. लाकडाला इपॉक्सी चांगलं. महाग पडतं. भाचा म्हणाला, "चालतंय का मामा?" मी म्हणालो, "नऊ टाक्यांपेक्षा स्वस्तच हाय."

बार्शीहून बारा मिलिमीटरचं मरीन प्लाय आणलं. इपॉक्सी आणि विणलेलं काचेचं कापड भाच्यानं पुण्याहून पाठवलं, आणि पुढच्या आठवड्यात रजा काढून स्वतः आला. पॉलिएस्टरला जी तंतूंची मॅट वापरतात ती इपॉक्सीला चालत नाही. मॅटमधले तंतू ज्या खळीनं धरलेले असतात ती खळ पॉलिएस्टरमध्ये विरघळते, इपॉक्सीत विरघळत नाही, मॅट ताठच राहते. म्हणून इपॉक्सीला विणलेलं कापड. आपल्या बाप-आज्यांनी भिंतीच्या मातीत भुसा कालवला तो याच विचारानं. नुसती माती तडकते, नुसता भुसा उडून जातो, दोन्ही मिळून भिंत उभी राहते. इथं रेझिन ही माती आणि काच हा भुसा.

जुन्या फळीवरनं पुठ्ठ्याचा माप-नमुना काढला. गावातल्या सुतारानं कापताना चारी बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर कमी धरलं, कारण कापड आणि रेझिन चढल्यावर फळी फुगते आणि मग जागेवर बसत नाही. कडांचे कोपरे त्यानं रंध्यानं आणि पॉलिश पेपरनं गोल केले. काचेचं कापड काटकोनात वळत नाही, वळवलं तर खाली हवा राहते आणि तिथंच पाणी घर करतं. फळीच्या खालच्या अंगाला सागाच्या दोन पट्ट्या आडव्या चिकटवल्या, लवू नये म्हणून. नुसत्या फळीचं वजन सात-साडेसात किलो भरलं.

भोकांचं काम मला सगळ्यात आवडलं. आठ मिलिमीटरच्या बोल्टाला आधी सोळा मिलिमीटरचं भोक पाडलं. खालनं चिकटपट्टी लावली. इपॉक्सीत चाळलेला लाकडाचा बारीक भुसा कालवून थालीपिठाच्या पिठाइतकं घट्ट केलं आणि भोकं बुजवली. दुसऱ्या दिवशी ते दगडासारखं झाल्यावर मधोमध आठ मिलिमीटरचं भोक पाडलं. आता बोल्ट लाकडाला शिवतच नाही. भोकातनं पाणी आलं तरी ते लाकडापर्यंत जात नाही.

मी तरुणपणी आठ हंगाम गुऱ्हाळात काम केलं आहे. काहिलीतला पाक कधी उतरवायचा हे थेंब पाण्यात टाकून बघायचं असतं. घाई केली तर गूळ बसत नाही, उशीर केला तर करपतो. इपॉक्सीचं असंच. पण एक फरक. पॉलिएस्टरमध्ये हार्डनर थोडा कमी-जास्त करून वेळ साधता येते. इपॉक्सीत तसं चालत नाही. डब्यावर जे प्रमाण लिहिलंय तेच, आमच्या डब्यावर दोनास एक होतं, आणि ते काट्यावर मोजूनच. जास्त घातलं म्हणून लवकर वाळत नाही, उलट कायमचं चिकट राहतं. मी पहिल्यांदाच मगभर कालवून ठेवलं तर मग हातात धरवंना इतका तापला आणि धूर निघायला लागला. भाच्यानं तो अंगणात नेऊन ठेवला. मग थोडं थोडं कालवायचं आणि पसरट ताटलीत ओतायचं असं ठरलं. हातमोजे घालायचेच, कारण अंगाला लागलं तर काहीजणांना फोड येतात. घासताना तोंडाला मास्क आणि अंगभर कपडे. काचेची धूळ म्हणजे कुयलीची बहीण.

आणखी एक गोष्ट शिकलो. पहिला हात सकाळी द्यायचा नाही, दुपार कलल्यावर द्यायचा. सकाळी लाकूड तापत जातं, त्यातली हवा फुगून बाहेर येते आणि रेझिनमध्ये बुडबुडे उठतात. दुपारनंतर लाकूड निवत जातं आणि रेझिन आत ओढून घेतं. पण जानेवारीत दव पडतं, ओल्या रेझिनवर दव नको, म्हणून सगळं काम गुरांच्या गोठ्यात छपराखाली केलं. गुरं दोन दिवस बाहेर बांधली.

आधी खालचं अंग, मग कडा, मग वरचं अंग. कापड अंथरून रेझिन ओतलं की पांढरं कापड हळूहळू दिसेनासं होतं आणि खालच्या लाकडाच्या रेघा दिसायला लागतात. जिथं पांढरं राहिलं तिथं हवा राहिली. रोलरनं ती कडेकडे ढकलायची. दुसऱ्या दिवशी वर मेणचट थर येतो, तो पाण्यानं धुवायचा, मग घासायचं, मग पुढचा हात. कडांना मी सांगितल्यापेक्षा एक हात जादा दिला.

हे चाललेलं असताना मालकीण गोठ्याच्या दारात येऊन उभी राहायची. तिसऱ्या दिवशी आत आली. "काय करायलाव?" म्हणाली. "एवढी मोठी भोकं पाडून परत बुजवायची कशाला?" मी सांगायला लागलो. पाणी कुठनं शिरतं, लाकूड कसं कुजतं, वरनं काही दिसत नाही. बोलता बोलता माझा आवाज बदलला असंल. भाचा पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर गेला. मी म्हणालो, "मागची फळी कुजलेली मला म्हाईत हुती. मीच वरनं झाकली हुती. उंदीर-बिंदीर काय नव्हतं."

ती म्हणाली, "मला ठावं हुतं. उंदीर पिलायवूड खाऊन पोट भरतोय व्हय?"

मी खाली बघत होतो. थोड्या वेळानं ती म्हणाली, "गरिबीचं मला काय वाटत नाय. फळी कुजली तर कुजली. पर तुमी बोलला आसता, तर मी पाय बघून टाकला आसता. बायांना कडंला बसवलं आसतं. तुमी झाकलं, म्हणून मी निवांत पाय टाकला."

साठ वर्षांत मला एवढं नेमकं कोणी सुनावलं नव्हतं. कुजकं असणं हा गुन्हा नाही. कुजकं झाकून त्यावर दुसऱ्याला उभं करणं, हा गुन्हा. दिसतं तिथं माणूस जपून पाय टाकतो. आपण झाकतो तेव्हा त्याचं जपणंच काढून घेतो.

शेवटी उन्हापासून जपायला वर रंग दिला, कारण इपॉक्सीला ऊन सोसत नाही. रंग ओला असताना नदीची चाळलेली वाळू भुरभुरली, पाय घसरू नये म्हणून. रंग मात्र या वेळी दोन्ही अंगांना दिला. बोल्टाखाली रबराच्या चकत्या घातल्या आणि फळीच्या दोन टोकांना हवा खेळायला फट ठेवली. मग फळी विटांवर ठेवून युरियाची पंचेचाळीस किलोची दोन पोती तिच्यावर रचली आणि रात्रभर तशीच ठेवली. सकाळी ती सुतभरही लवली नव्हती. सगळा खर्च साडेचार हजारांच्या आसपास गेला.

उरलेल्या प्लायचे दोन तुकडे भाच्यानं हौदात टाकायला लावले. एक चारी कडांनी बंद केलेला, एक उघडा. महिन्यानं काढले तर उघडा तुकडा कडेला फुगून जड झालेला, बंद केलेला होता तसाच. ते दोन्ही तुकडे मी ओट्याच्या कोनाड्यात ठेवले आहेत. कोणी विचारलं की दाखवतो.

मालकीण होडीत बसली ती गुढीपाडव्यानंतर. मी काही आग्रह केला नव्हता. काठावर येऊन तिनं चप्पल काढली, अंगठ्यानं फळी दोनदा दाबून बघितली, आणि आली. पण एक अट घातली. दरवर्षी पोळ्याला बैलं धुतो तशी फळी काढायची, धुवायची आणि तिच्यापुढं तपासायची. तेव्हापासून आम्ही तसं करतो. रुपयाच्या नाण्यानं फळी वाजवायची. चांगल्या जागी टणटणीत आवाज येतो. पापुद्रा सुटला असंल तिथं बद्द वाजतं. तिथं घासून परत थर द्यायचा. गेल्या पोळ्याला एका कोपऱ्यात बोटभर जागा बद्द वाजली. मी ती आधी दाखवली, मग दुरुस्त केली.

२१ मे २०२४ ला उजनी धरणात, करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीला निघालेली बोट वादळात उलटली. सहा जीव गेले. ती गावं आमच्यापासनं काही फार लांब नाहीत. त्या रात्री आमच्या घरात कोणी नीट जेवलं नाही. आमची होडी वल्ह्याची, आमचं पाणी ओढ्याचं, पण पाणी ते पाणी. फळी कितीही मजबूत असली तरी वाऱ्यापुढं तिचा काय उपयोग? दुसऱ्या आठवड्यात पाच लाइफ जॅकेट आणले. पाच जॅकेट म्हणजे पाचच माणसं. बाभळीचा शेंडा हलायला लागला की त्या दिवशी सडक. खुरपायच्या बाया पहिल्यांदा हसायच्या जॅकेट घालताना. आता स्वतःच मागून घेतात.

आणि पाण्याची आमच्यावरची मर्जी बघा. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला असा पूर आला की परंडा तालुक्यात माणसं बाहेर काढायला हेलिकॉप्टर आलं. शेजारची पोरं म्हणाली, "दाजी, होडी काढा." मी म्हणालो नाही. फुगवटा वेगळा आणि पूर वेगळा. वाहत्या पाण्यात माझी होडी म्हणजे काडी. होडी दोरानं लिंबाला बांधून ठेवली आणि फळी मात्र खोलून घरात आणली. घरात घोटाभर पाणी आलं तेव्हा दगडांवर फळी टाकून तिच्यावर ज्वारीची पोती ठेवली. खालनं पाण्यात बुडालेली फळी दोन दिवस होती. पाणी ओसरल्यावर पोती उचलली, फळी उलटी केली, नाण्यानं वाजवली. टणटणीत. सोयाबीन गेलं, बांध फुटला, ते दुःख मोठं आहे आणि ते वेगळं लिहावं लागंल. पण खायची ज्वारी वाचली.

आता पाणी निवळलं आहे. आम्ही परत होडीनं जातो. मालकीण अजूनही चढताना चप्पल काढते आणि अंगठ्यानं फळी दोनदा दाबून बघते. एवढी मजबूत फळी, मीच केलेली, तिच्यादेखत तपासलेली, तरी दाबून बघते. पहिल्यांदा मला ते लागायचं. आता मी वल्हं धरून थांबतो. तिचं बघून झालं की होडी लोटतो.